माळ्यावरची गदा आणि नाव नसलेले फोटो : पैलवान घराण्याचा ठेवा कसा जपावा

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात अशी घरं गावोगाव आहेत. आजोबा लढले, वडील लढले, चुलते लढले. सोप्यातल्या भिंतीवर लंगोटातला उभा फोटो, खांद्यावर गदा, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. माळ्यावर करेलाची (घुमवायच्या जड लाकडी मुद्गलांची) जोडी, ट्रंकेत जुन्या मैदानांची हँडबिलं, मानाचे फेटे, एखादा काळवंडलेला चांदीचा कप. आता घरात कुणी लढत नाही, तरी गावाला ते घर ‘पैलवानाचं घर’ म्हणूनच माहीत असतं.

असा ठेवा वाळवीने जातो, पावसाने जातो. पण सगळ्यात जास्त जातो तो नावं न लिहिल्यामुळे. फोटोत शेजारी उभा असलेला पैलवान कोण, गदा कुठल्या मैदानातली, हे सांगणारा घरात एकच म्हातारा माणूस उरलेला असतो. तो गेला की फोटो शाबूत राहूनही मुका होतो. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी नावं, मग प्रती, शेवटी साफसफाई. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. दिवाळीला गदा चिंचेनं घासून लख्ख होते आणि फोटोमागची जागा कोरीच राहते.

नावं लिहिताना

एक जाड वही घ्या आणि प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या: फ-१, फ-२ फोटोंना, ह-१ हँडबिलांना, व-१ गदा-फेट्यांना. एका वस्तूला वहीचं एक पान. त्यावर वस्तू काय, कुणाची, कुठे मिळाली, माहिती कुणी सांगितली आणि कोणत्या तारखेला सांगितली, हे लिहायचं. माहिती कुणी दिली ही नोंद गाळू नका. पुढे दोन नातेवाईक दोन गोष्टी सांगतील, तेव्हा कोण प्रत्यक्ष मैदानात हजर होतं हे त्यावरूनच कळतं.

तालमीच्या समूहफोटोची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सवर प्रत्येक डोक्यावर आकडा टाका. मूळ फोटोवर काही लिहायचं नाही. मागे लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, न दाबता, आणि फक्त क्रमांक. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई काही वर्षांत आरपार येते. १९७० नंतरच्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या रंगीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही. तिथे क्रमांक पाकिटावर टाका.

नाव लिहिताना ‘गणपा पैलवान’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे एकाच घरात एकाच नावाचे दोन पैलवान निघतात. शिवाय पैलवान कधी गावाच्या नावाने ओळखला जातो, कधी तालमीच्या. म्हणून पूर्ण नाव, गाव, तालीम, वस्ताद आणि घरातलं नातं अशा पाच गोष्टी लिहा. ‘थोरले आबा’ हे नातं तुम्हाला कळतं, तुमच्या नातवाला कळणार नाही.

म्हाताऱ्या पैलवानाला बोलतं करताना

‘तुमच्या कुस्तीविषयी सांगा’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: आमच्या वेळची खुराक वेगळी, आताची पोरं मोबाइलमध्ये. ते ऐकून घ्या, पण प्रश्न बारीक विचारा. पहाटे किती वाजता उठवायचे? जोर किती, बैठका किती? वस्ताद हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या) कुठल्या बाजूला उभे राहायचे? मातीत काय काय घालायचे: तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर? थंडाई कोण घोटायचं? पहिली इनामाची कुस्ती किती रुपयांची, जोड कुणी लावली, पंच कोण होतं, निकाली झाली की बरोबरीत सुटली? कुठल्या डावावर मारली? ढाक, कलाजंग, एकेरी पट, पोकळ घिस्सा, मोळी, धोबीपछाड, छडी टांग ही नावं तुमच्या तोंडून आली की समोरचा माणूस सरसावून बसतो. डाव तोंडी सांगता येत नसेल तर एखाद्या पोराला समोर उभं करा आणि हाताची पकड दाखवायला सांगा. त्याचा व्हिडिओ घ्या. शब्दांत न सापडणारी गोष्ट तिथे सापडते.

साल विचारू नका, कुणालाच आठवत नाही. त्याऐवजी खुणा द्या. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून ब्राँझपदक आणलं त्याआधी का नंतर? (ते १९५२.) कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तालमीत होता का? (११ डिसेंबर १९६७.) दुष्काळात खुराक कशी भागवली? (१९७२.) श्रीपती खंचनाळे हिंद केसरी झाले ते १९५९ साली, गणपतराव आंदळकर १९६० साली, मारुती माने १९६४ साली. ‘आंदळकर हिंद केसरी झाले तवा मी शाहूपुरीच्या तालमीत नवा हुतो’ असं एक वाक्य मिळालं की दहा वर्षांचा गोंधळ दोन वर्षांवर येतो.

रेकॉर्डिंगसाठी साधा फोन पुरतो. विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन दुमडलेल्या टॉवेलवर हातभर अंतरावर ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर चहाच्या कपाचा प्रत्येक आवाज त्यात शिरतो. जुन्या पैलवानांचे कान मोडलेले असतात आणि वयाने ऐकूही कमी येतं. कुठल्या कानाने बरं ऐकू येतं हे विचारून त्या बाजूला बसा. एका बैठकीत पाऊण तास पुरे. खोलीत चार माणसं बसली की प्रश्न आजोबांना आणि उत्तर थोरल्या मुलाचं, असं होतं. पहिली बैठक एकट्याशीच करा. दुसऱ्या वेळी मात्र त्यांचा जुना जोडीदार असला तर दोघांना एकत्र बसवा. एकाने विसरलेलं दुसरा दुरुस्त करतो. रेकॉर्ड करायची परवानगी सुरुवातीलाच विचारा आणि तीही रेकॉर्ड होऊ द्या. ‘हे बाहेर सांगू नको’ असं म्हटलेला भाग, नुरा (आधीच ठरवून लढलेल्या) कुस्तीचा असो वा भाऊबंदकीचा, वहीत वेगळी खूण करून ठेवा आणि कुणाला देऊ नका.

हँडबिलावर साल नसतं, तरी ते काढता येतं

मैदानाच्या हँडबिलावर वार असतो, तारीख असते, यात्रेचं नाव असतं, पण साल बहुधा नसतं. कारण ते पंधरा दिवसांत फेकून द्यायचं म्हणून छापलेलं असतं. तरीही त्या एका कागदात साल लपलेलं असतं.

आधी पत्ता बघा. ‘करवीर संस्थान’ किंवा ‘कोल्हापूर संस्थान’ असेल तर मार्च १९४९ च्या आधीचं, कारण १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर १९४९ ते १९६० मधलं. १९६० च्या अखेरीस त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. पिनकोड नसल्याने मात्र काहीच ठरत नाही, खेड्यातले छापखाने पुढे कित्येक वर्षं तो गाळत होते.

मग तिकिटाचा दर. आणे असतील तर साधारण १९५७ पर्यंतचं. ‘नवे पैसे’ असेल तर एप्रिल १९५७ ते मे १९६४. नुसतं ‘पैसे’ असेल तर बहुधा त्यानंतरचं. लोकांच्या तोंडी आणे बराच काळ टिकले, त्यामुळे एकट्या दरावर विसंबू नका.

मग किताब. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ सालची. महाराष्ट्र केसरीचा पहिला मान १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारींना मिळाला. म्हणजे कुणाच्याही नावापुढे ‘महाराष्ट्र केसरी’ छापलेलं हँडबिल त्याआधीचं असूच शकत नाही. उलट बाजूनेही हे चालतं: छापणारा मोठा किताब कधी गाळत नाही. तालुक्या-जिल्ह्याचे केसरी मात्र शेकडो आहेत, त्यांच्यावरून साल काढायला जाऊ नका.

शेवटी वार आणि तारीख जुळवा. समजा, हँडबिलावर ‘रविवार, ता. १४ फेब्रुवारी’ आहे. १४ फेब्रुवारीला रविवार आला तो १९५४, १९६०, १९६५, १९७१, १९८२ साली. पत्त्यात ‘जि. सांगली’ आहे, म्हणून १९५४ आणि १९६० बाद. पहिल्या जोडीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्यापुढे ‘महाराष्ट्र केसरी’ आहे. तो मान त्यांना १९६९ साली मिळाला, म्हणून १९६५ बाद.  उरली १९७१ आणि १९८२. कोपऱ्यात ‘माघ, शके १८९२’ असेल तर १९७१ पक्कंच: शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९.

कागदही बोलतो. हँडबिल उजेडात तिरकं धरा आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवा. खिळ्यांच्या जुन्या छपाईत (शिशाची अक्षरं जुळवून केलेल्या) अक्षरांचा दाब मागे हलकासा लागतो. नंतरच्या ऑफसेट छपाईत मागची बाजू गुळगुळीत असते. तळाशी बारीक अक्षरात मुद्रकाचं नाव-गाव असतं, तेही वहीत उतरवा. एकाच छापखान्याची तीन-चार हँडबिलं शेजारी ठेवली की एकाचं साल दुसऱ्याला लागू पडतं.

फोटोतलं मैदान ओळखताना मागची बैठक बघा. मधे हौदा आणि भोवती गोलाकार चढत गेलेली बैठक असेल तर खासबाग असण्याचा संभव मोठा; पण शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान १९१२ सालचं आहे, त्याआधीच्या फोटोला ते नाव देऊ नका. साल आणि तारीख हाती आली की वर्तमानपत्रात निकाल शोधा. मैदानाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे अंक पाहा, गाव आडवळणी असेल तर आठवडाभराचे. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा. संस्थानी काळातले कागद हवे असतील तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात अर्ज करा आणि अर्जात साल, गाव, व्यक्ती नेमकी लिहा. ‘कुस्तीविषयी सर्व कागद’ अशा अर्जावर हाती काही लागत नाही. छापील निकाल घरच्या आठवणीशी जुळला नाही तर दोन्ही लिहून ठेवा. आजोबांनी जिंकलेली म्हणून सांगितलेली कुस्ती बरोबरीत सुटलेली निघते, आणि तेही घराण्याच्या इतिहासातलंच पान आहे.

प्रती

फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. पिवळेपणा, डाग, स्टुडिओचा शिक्का सगळं त्यात येतं. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, अंगठ्याएवढ्या छोट्या फोटोला १२००, हँडबिलाला ४००. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा. ५ गुणिले ७ इंचांचा फोटो ६०० डीपीआयला सुमारे ३८ एमबी होतो. व्हॉट्सॲपवर पाठवायला त्यातून वेगळी जेपेग काढा. फिरून आलेली प्रत पुन्हा संग्रहात घालू नका, ती दाबून लहान झालेली असते. मागची बाजूही स्कॅन करा. फाइलचं नाव वहीतला क्रमांकच.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. पावसाळ्यात ओल शिरून फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट त्याचा फोटो घ्या: सावलीतल्या खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन फ्रेमला समांतर, मागे काळं कापड धरून, म्हणजे तुमचंच प्रतिबिंब येणार नाही.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सोडवायला दात साफ करायचा मेण लावलेला बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरवा. फोटो वाकवायचा नाही. जिथे अडेल तिथे थांबा आणि पान कापून फोटोसकट ठेवा.

नव्वदच्या आसपासच्या मैदानांच्या व्हिडिओ कॅसेटी असतील तर त्यांचं काम आधी उरका. खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका. फीत तुटते आणि बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत घालून कॅसेट साफ करून उतरवून देणाऱ्याकडे द्या.

सगळ्याच्या तीन प्रती: एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे किंवा चुलत्यांकडे. महापूर आला तर एका घरातल्या दोन्ही प्रती एकदमच जातात.

कागद आणि फोटो ठेवताना

लॅमिनेशन करू नका. लोक प्रेमापोटी करतात, पण ते परत निघत नाही आणि उष्णतेने फोटो कायमचा बिघडतो. सेलोटेपही नको, त्याचा डिंक तपकिरी होऊन कागदात मुरतो. फाटलेलं हँडबिल तसंच सपाट पाकिटात ठेवा. जोडायचंच असेल तर पातळ जपानी कागद आणि साध्या मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. पूर्वी किडीसाठी खळीत मोरचूद घालत. त्याने कागद तपकिरी पडून ठिसूळ होतो. गुलाबी-हिरव्या पातळ कागदावरच्या हँडबिलांना पाण्याचा थेंबही लावू नका, रंग लगेच सुटतो. घड्या मोडायला इस्त्री नको. दोन टीपकागदांत घालून वर जड पुस्तकं, आठवडाभर.

पाकिटं आम्लविरहित कागदाची किंवा पॉलिस्टरची. वास येणारं मऊ प्लॅस्टिक पीव्हीसी असतं, ते फोटोला चिकटतं. ट्रंक पत्र्याखालच्या माळ्यावर नको आणि बाहेरच्या भिंतीला लागून नको. मधल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच. सिलिका जेल घाला आणि रंग बदलला की तापवून कोरडं करून परत ठेवा. पावसाळ्यात ट्रंक उघडी टाकू नका, दसऱ्यानंतर कोरड्या दिवशी उघडा. डांबरगोळ्या फोटोंजवळ नकोत. कडुनिंबाचा पाला कागदात थेट ठेवला तर डाग पडतात. जुन्या निगेटिव्हला व्हिनेगरचा वास येत असेल तर ती उरलेल्यांपासून ताबडतोब दूर करा आणि आधी स्कॅन करा.

कसर लागलेली वही किंवा फेटा असेल तर दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार वस्तूवर दंव धरतं. फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह यांना हा उपाय करू नये.

गदा, फेटा, लंगोट

चांदीची गदा बहुधा आतून लाकडाची असते आणि वरून चांदीचा पत्रा ठोकलेला असतो. म्हणून ती पाण्यात बुडवायची नाही. अॅल्युमिनियमची फॉइल आणि सोडा घातलेल्या गरम पाण्याचा घरगुती उपाय नाण्याला ठीक, गदेला घातक: सांध्यातून पाणी आत जातं, लाकूड फुगतं, खिळे गंजतात आणि दोन पावसाळ्यांत पत्रा उसवतो. चिंच, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीच नको. प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते, आणि आधी जातात ती कोरलेली अक्षरं. काळेपणा हा चांदी आणि हवेतल्या गंधकाचा थर आहे. तो राहिला म्हणून गदेचं काही बिघडत नाही.

साफ करायचंच असेल तर आधी अक्षरांचा फोटो घ्या. खोली अंधारी करा आणि बॅटरी बाजूने, पत्र्याला जवळजवळ टेकवून धरा. पुसट झालेलं गाव आणि साल सावलीत उठून येतं. मग कडा तपासा. कुठे पिवळं पितळ डोकावत असेल तर गदा मुलाम्याची आहे, तिला फक्त कोरड्या सुती कापडाने पुसा. खरी चांदी असेल तर अगदी बारीक खडूची पूड दोन थेंब पाण्यात कालवून बोटभर जागेवर मऊ कापडाने हलकेच फिरवा, लगेच ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने टिपा. नक्षीच्या खोलगटात काळं राहू द्या, त्यानेच नक्षी दिसते. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळा. वर्तमानपत्र, लोकर, रबरबँड यांतल्या गंधकाने आणि शाईने चांदी पुन्हा काळी पडते. गदा आडवी ठेवा, डोक्याखाली आणि दांड्याखाली गादी. उभी टेकवली की एक दिवस पडते आणि पत्र्याला पोचा येतो.

मानाचा फेटा घडी घालून वर्षानुवर्षं ठेवला की घडीवर जरीची तार तुटते. पुठ्ठ्याच्या जाड नळीला मांजरपाट गुंडाळा आणि त्यावर फेटा सैल गुंडाळा. धुवू नका, अत्तर लावू नका.

लंगोट आणि जांघियाला लागलेली तांबडी माती तशीच राहू द्या. सुती कापडात मुरलेली ती माती त्या तालमीची आहे, आणि तालीम पाडून तिथे गाळे उभे राहिले असतील तर ती दुसरीकडे कुठे मिळणार नाही. कोरड्या सावलीत वारं द्या, मऊ ब्रशने वरची धूळ झटका, झडलेली माती छोट्या काचेच्या बाटलीत भरून क्रमांक टाका. बुरशी दिसली तरच कापड जाणकाराला दाखवा.

करेला-जोडी आणि हत्ते (जोर काढताना हाताखाली घ्यायचे लाकडी ठोकळे) यांना गोडेतेल चोळू नका; ते चिकट होऊन धूळ धरतं. कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात पुरेसा. खाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर किडा आत जिवंत आहे: ती वस्तू लगेच बाकीच्या लाकडापासून वेगळी करा आणि छिद्रांभोवती पेन्सिलने खुणा करा. महिन्याभरात नवी छिद्रं पडली तर कीडनियंत्रण करणाऱ्याला बोलवा. बोटांनी घासून गुळगुळीत झालेली मूठ पॉलिश करू नका.

यात्रा कमिटी किंवा शाळा प्रदर्शनासाठी वस्तू मागायला येते तेव्हा फोटोंच्या आणि हँडबिलांच्या छापील प्रती द्या. गदा द्यायचीच असेल तर देण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, वहीतला क्रमांक, वजन आणि परत करायची तारीख लिहून दोघांची सही घ्या, आणि नेताना ती हातात धरून गाडीत बसणारं घरचं एक माणूस सोबत पाठवा.